एका श्वासाची रेघ

दि. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वाढदिवसाची पट्टी पोचली. दाराला कुलूप लावून मी कामावर निघाले होते, तरी ते उघडून परत आत आले. पट्टी उलगडल्याशिवाय माझा वाढदिवस सुरू होत नाही. मी सात वर्षांची असताना तू सायकलच्या कारखान्यात लागलास आणि मोठ्या ऐटीत मला सांगितलंस, की नळीवरची सोनेरी रेघ श्वास रोखून मारायची असते, छाती हलली की रेघ हलते. तेव्हापासून दरवर्षी कागदाच्या पट्टीवर एका श्वासात जाईल तेवढी रेघ, आणि खाली तुझं ठरलेलं वाक्य, की एवढं लांब आयुष्य तुला लाभो. शेहेचाळिसाव्या वर्षी असे लाड कुणाचे होतात?

आता ऐक, आणि रागावू नकोस. माझं काम तुला ठाऊक आहे. दिवसभर इस्पितळात लोकांना नळीत फुंकायला लावते, अजून, अजून म्हणून घसा सुकवते, आणि यंत्र त्यांच्या श्वासाची रेघ काढतं. रविवारी मी ट्रंकेतल्या चाळीसच्या चाळीस पट्ट्या काढून जमिनीवर एकीखाली एक मांडल्या. पहिली नऊ विती, दारापासून थेट खिडकीपर्यंत. मग दरवर्षी थोडी थोडी कमी. गेली सहा वर्षं मात्र रेघ पाच वितींवर थांबलीये. थांबली कशी, म्हणून भिंग आणलं. दादा, तिला जोड आहेत. यंदाच्या रेघेत दोनदा ब्रश उचलून, श्वास घेऊन, पुन्हा टेकवलायस. पहिल्या जोडापर्यंतची रेघ फक्त सव्वादोन विती आहे.

 साऱ्या गावाच्या फुप्फुसांचे कागद मी वाचते, आणि माझ्या भावाचा अहवाल चाळीस वर्षं माझ्याच ट्रंकेत पडून होता. एकोणिसाव्या वर्षापासून दिवसाला वीस सिगारेटी, दुसरं काय होणार? मला भीती वाटते. तुमच्याकडच्या इस्पितळात जाऊन फुंकून ये आणि कागद मला पाठव.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
बुटकी


दि. १९ मार्च

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

भावाची चोरी भिंग लावून पकडणारी बहीण लाखात एक असेल, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली. कबूल करतो. सहा वर्षांपूर्वी रेघ साडेचारवरच तुटली. खाली वाक्य लिहायला गेलो आणि हात थांबला. तुझं आयुष्य माझ्या हातानं आखूड करायचं जिवावर आलं, म्हणून जोड दिला. एकदा दिला की सवय लागते. कारखान्यातही लांब नळ्या आता दुसरे करतात, मी घंटीच्या टोप्या रंगवतो. साहेब म्हणाले, तुमचा हात बारीक कामाला चांगला. त्यांनी माझी लाज राखली, एवढं मला कळतं.

फुंकून आलो. तुझ्यासारखीच एक बाई कानाशी ओरडत होती. मग डॉक्टरांनी दोन कागद शेजारी ठेवले. धडधाकट माणसाची रेघ टोकावरून सरळ खाली उतरते. माझी मधेच आत बसलीये, ढिल्या दोरीसारखी. त्यांनी समजावायच्या आधीच मी बोट ठेवून सांगितलं, की इथे दम गेला.  बुटके, आयुष्यभर रेघा मारल्या, पण इतकी खरी रेघ माझ्या हातून कधी उतरली नव्हती. 

कागद सोबत आहे. सिगारेटचं पाकीट त्याच दिवशी तुझ्या वहिनीच्या हवाली केलंय. आत नेमकं काय झालंय ते तुझ्या भाषेत लिही, डॉक्टरांची भाषा डोक्यावरून गेली.

तुझ्यावर जीव असलेला,
दादा


दि. २ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा कागद मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. आमच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिला आणि तुला शाबासकी दिली, रेघ वाचल्याबद्दल.

आत काय आहे ते ऐक. फुप्फुसात श्वासाच्या नळ्यांना फांद्या फुटत जातात, आणि शेवटी डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा बारीक पिशव्या, कोट्यवधी. साऱ्या उलगडून पसरल्या तर तुमच्या कारखान्यातली रंगाची अख्खी खोली झाकली जाईल, आणि हे सगळं तुझ्या शर्टाच्या आत मावतं. वीस वर्षं हे काम करतेय, तरी अजून मला हे खरं वाटत नाही. धुरानं नळ्या सुजून अरुंद होतात, आणि पिशव्यांमधल्या भिंती विरून दहांची एक होते. हवा आत अडकून बसते, म्हणून तुझी रेघ आत बसली.

आणि हृदय. धुरातला वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवतो, रक्तवाहिन्या आखडतात, आतून खराब होतात. मग त्या बिचाऱ्याला तेवढ्याच कामासाठी जास्त धावावं लागतं. दिवसाला लाखभर ठोके, एकही सुट्टी नाही, वर तुझा धूर. चाळीस वर्षं त्यानं हे निमूट केलं. मला तर त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. फुटलेल्या पिशव्या परत येत नाहीत, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण रक्तातला तो वायू दोन दिवसांत निघून जातो. म्हणजे हे वाचतोयस तेव्हा तो गेलेलाही असेल.

डॉक्टरांनी दिलेली औषधं चुकवू नकोस. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी,
बुटकी


दि. २० एप्रिल

सौ. वन्संना,
स. न. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहितेय. सिगारेट सोडल्यापासून खोकला इतका वाढलाय की शेजारी विचारायला येतात. हे म्हणतात, ओढत होतो तेव्हा बरा होतो, सोडून दुखणं विकत घेतलं. काल ब्रशांच्या डब्यात नवं पाकीट सापडलं, त्यातल्या दोन कमी होत्या. मला रडूच आलं. आणखी एक सांगते. फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र बरं, असं हे तुम्हाला सांगतात ना? कान चांगले आहेत. बोलताना धाप लागते ती तुम्हाला कळू नये, म्हणून ही पत्रं. तुमचं हे ऐकतात, काहीतरी करा.

तुमची,
वहिनी


दि. २६ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चोरी पुन्हा पकडली गेली. वहिनीवर डाफरलास तर माझ्याशी गाठ आहे.

खोकला वाढला म्हणून घाबरलास, यात तुझी चूक नाही, माझी आहे. मी सांगायला हवं होतं. श्वासाच्या नळ्यांना आतून मखमलीसारखी लव असते. ती रात्रंदिवस हलते आणि घाण वर लोटते. धुरानं ती लुळी पडली होती, म्हणून तू शांत होतास. ती बरेपणाची शांतता नव्हती, झाडणारं कुणी नव्हतं म्हणून. आता ती लव पुन्हा उगवून कामाला लागलीये, दादा. चाळीस वर्षं मार खाल्ला, आणि तू जरा हात थांबवलास तशी लगेच उठून झाडायला लागली. तिच्या जागी मी असते तर तुझ्या तोंडाकडे पाहिलं नसतं. तरी खोकला एकदा डॉक्टरांना दाखव, म्हणजे मलाही झोप लागेल.

उरलेल्या अठरा सिगारेटी पाण्यात बुडवून टाक. आणि मला फोन कर. धाप लागली तर लागू दे, मी थांबेन. माझा धंदाच तो आहे.

तुझीच,
बुटकी


दि. २७ फेब्रुवारी

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

अठरा बुडवल्या त्याला दहा महिने झाले. खोकला उन्हाळ्यातच गेला. जिना एकदाच थांबून चढतो. रविवारच्या फोनवर मी किती बडबडतो ते तू ऐकतेसच. म्हणून मोठ्या उमेदीनं यंदाची पट्टी घेऊन बसलो. जोड द्यायचा नाही अशी शपथ घेतली होती. सव्वादोन विती. पुन्हा मारली, तेवढीच. दहा महिने जीव मारून एक बोटही वाढली नाही. खाली ते वाक्य लिहायचं धाडस झालं नाही. तशीच पाठवतोय, जमलं तर माफ कर.

दादा


दि. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पट्टी मिळाली. भिंगातून पाहिली, जोड नाही. मग पुन्हा ट्रंक उघडून सगळ्या मांडल्या आणि दोऱ्यानं मोजल्या, जोडांपर्यंतची खरी लांबी धरून. दादा, तू तोंड पाडून लिहिलंस, आणि मी इथे जमिनीवर बसून रडतेय, कारण चाळीस वर्षांत असं एकही वर्ष नाही की रेघ आदल्या वर्षीइतकी राहिली. दरवर्षी ती कमीच झाली. यंदा पहिल्यांदा झाली नाही. गेलेलं परत येणार नव्हतंच. जाणं थांबवायचं होतं, ते तू थांबवलंस.

तू गाळलेलं वाक्य मी माझ्या हातानं पट्टीखाली लिहिलंय, तुझ्या नावानं. पुढच्या वर्षी मला सव्वादोन वितीच पाठव. बोटभरही जास्त नको.

तुझी,
बुटकी