चालतं बाक

२ मे, रविवार

तीर्थस्वरूप दादांना,

नमस्कार. तुमचं पत्र आणि सोबतचं हमीपत्र परवा मिळालं. जाऊबाईंच्या गुडघ्याला उतार आहे हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. शाळेला सुट्टी लागली, प्रयोगशाळेच्या काचा धुऊन कपाटं बंद केली, आता दिवसभर सायकलच्या दुकानातच बसते. पंक्चर काढता येतं, पण वेळ लागतो. गिऱ्हाइकं समजून घेतात.

तुम्ही लिहिलंय की, 'धाकटी दुःखात आहे, तिला कळत नाही,' असं सांगून तुम्ही पालिकेच्या साहेबांना थोपवून धरलंय. दुःखात आहे हे खरं. कळत नाही हे खरं नाही.

आधी दगडाबद्दल सांगते. भावाच्या आठवणीसाठी तुम्ही बसथांब्यावर काळ्या दगडाचं बाक बसवलंत. खटपट केलीत, मंजुरी आणलीत, नाव सुरेख कोरून घेतलंत. मनापासून केलंत, मला माहीत आहे. पण त्यावर कोणी बसत नाही. पहिल्याच दिवशी एक बाई लेकराला घेऊन टेकल्या आणि तशाच उठल्या. पोराच्या मांडीला औषधवाल्यांनी मलम लावलं. थांब्यावरची माणसं अजूनही विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी राहतात. नाव तेवढं उन्हात तापत असतं.

तुमच्या भावाचं बाक तुम्ही नीट पाहिलं नव्हतं बहुतेक. एका टोकाला लहान सायकलची दोन चाकं, दुसऱ्या टोकाला धरायच्या मुठी. सकाळी औषधवाल्यांच्या भिंतीशी, मग बँकेच्या सज्जाखाली, उन्हं कलली की पाण्याच्या टाकीपाशी. सावली सरकली की हे हातातलं काम टाकून बाक ढकलायचे. समोरच्या निवृत्त मास्तरीणबाई बसल्या बसल्या ओरडायच्या, "अहो, ऊन पायावर आलं, ड्रायव्हर झोपला का?" त्या उठायला लागल्या की हे म्हणायचे, "उतरू नका बाई, तुमचं तिकीट पुढपर्यंतचं आहे." आणि त्यांच्यासकट बाक पुढे न्यायचे.

ते बाक पालिकेच्या माणसांनी उचलून नेलं. तसंच दुसरं मी वेल्डरकडून करून घेतलं, हाच माझा गुन्हा. त्यात एक सुधारणा केली. भर दुपारी कुठल्याच भिंतीची सावली पडत नाही, म्हणून शेजारच्या शिंप्याने वर जाड कापडाचं छप्पर शिवून दिलं. मंगळवारी अतिक्रमणवाले आले.

त्यांच्यातल्या मोठ्याने विचारलं, "हे काय आहे?"

"बाक."

"चाकं कशाला मग? चालणारी वस्तू असेल तर परवाना दाखवा."

"उभी असते."

"उभी असेल तर अतिक्रमण."

मास्तरीणबाई बाकावरच होत्या. म्हणाल्या, "मला पण उभी वस्तूच समज. घाल मला गाडीत. पण जिथे नेशील तिथे सावली बघून ठेव." तो हसला. हसून गेला खरा, पण दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला. तीन ओळींचं हमीपत्र आहे: झाल्या प्रकाराबद्दल माफी, पुन्हा रस्त्यावर बाक ठेवणार नाही, ठेवल्यास दुकानाचा परवाना रद्द.

दादा, मी यावर सही करणार नाही.

का, ते लिहायचं नव्हतं. तुम्ही फोनवर म्हणता, "हृदयाचा त्रास होता त्याला, आपल्या घराण्यातच आहे." मृत्यूच्या दाखल्यावरही तेच आहे. लोक भेटायला आले तेव्हा मीही मान डोलावली. हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं, दादा.

पहिलं बाक नेल्यावर यांनी तुम्हाला फोन केला होता. मी शेजारीच होते. तुम्ही म्हणालात, "दुपारी जा, साहेब जेवणानंतर मोकळे असतात." हे गेले. जप्तीच्या मालाचं ते आवार मी नंतर जाऊन पाहिलं. चहूबाजूंनी पत्रे, खाली सिमेंट, बसायला काही नाही. साहेब जेवून आलेच नाहीत. जाळीच्या फाटकापलीकडे यांना स्वतःचं बाक दिसत होतं. शिपाई म्हणाला, "आत जाऊन बसतो म्हणाले, मी कागद मागितला." तिथेच कोसळले. अंगाला हात लावला तेव्हा चटका बसला, असं तोच म्हणाला.

तुम्ही मुद्दाम पाठवलंत असं मी म्हणत नाही. तिथे सावली नाही हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही गाडीतून उतरता ते थेट आत जाता. पण तुमचा भाऊ हृदयाने गेला नाही. उन्हाने गेला. हे मी आता जो विचारेल त्याला सांगते. बुधवारी पालिकेच्या कचेरीतही सांगितलं, साहेबांसमोर, आवाज न चढवता. त्यांनी पंखा वाढवायला सांगितला.

दुकान बंद करायचं तर करू देत. शाळेच्या पगारावर माझं भागतं. बाक मात्र हटणार नाही. औषधवाले स्वतःचं एक करून घेताहेत, शिंपीही. कितींना गाडीत घालणार?

तरी तुम्ही मोठे आहात, तुमचा शब्द सरळ मोडवत नाही. म्हणून एवढंच करा. याच आठवड्यात एकदा दुपारी दोनच्या सुमारास या. छत्री आणू नका. तुम्ही बसवलेल्या दगडावर, भावाच्या नावाला टेकून बसा आणि हमीपत्राच्या तिन्ही ओळी मला सावकाश वाचून दाखवा. शेवटपर्यंत बसून वाचलंत, तर तिथल्या तिथे सही करते.

नाही बसवलं, तर शेजारी आमचं बाक असेलच. मास्तरीणबाईंना जरा सरकायला सांगते.

हमीपत्र बिनसहीचंच सोबत परत पाठवते आहे. सही या पत्राखाली केली आहे.

तुमच्या धाकट्या भावाची बायको