झाकण उघडून फोटो पाठवा

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी दूध तापवता तापवता मोबाईलवर जुन्या गाड्या पायल्या. पांढरी, इलेक्ट्रिक, अमरावती अन् अकोला. नवीन जाहिराती तीन. बडनेऱ्याची साडेसात लाख, 'डॉक्टरची गाडी, एकच मालक'. अकोल्याची सात. चांदूर रेल्वेची सहा ऐंशी, फोटोत गाडी कमी अन् बकऱ्याच जास्त. गाडीचा नंबर तिघांनीही झाकला आहे, सगळेच झाकतात. तिघांनाही तेच लिहिलं जे रोज लिहिते: चार्जिंगचं झाकण उघडून आतला फोटो पाठवा.

दूध उतू गेलं. सासूबाई, म्हणजे आमची बुढी, आतून ओरडली, "जळलं व बाई! ध्यान कुठी असते तुयं?" तिले माहीत आहे कुठी असते. तरी विचारते.

गि.बा. गेले नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. गिरिजाचे बाबा. नाव घ्यायची सवय नाही, तं लिहायचीही नाही. नांदगाव पेठच्या मिलमध्ये ड्यूटीवर जातो म्हणून गाडी घेऊन निघाले अन् मिलमध्ये पोचलेच नाहीत. मोबाईल बंद. भांडण नाही, तंटा नाही. डब्बा घेऊन गेले. पळून जाणारा माणूस डब्बा घेऊन जाते काय? ठाण्यात हेच सांगतलं तं जमादार हसला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बडनेऱ्याचा फोटो आला. झाकणात लाल काहीतरी दिसलं. गिरिजानं मोठं करून पायलं. "आई, रबर आहे थे. कंपनीचंच." शिवायले आलेल्या ब्लाऊजचे हूक लावता लावता सुई बोटात गेली.

मागच्या वर्षीच्या दसऱ्याले मी गाडीची पूजा कराले गेली तं हे म्हणे, बोनेटवर कुंकू नको, रंग जाते. मी म्हटलं, बिनापूजेची गाडी दारात ठेवाची नाही. मग यायनंच चार्जिंगचं झाकण उघडलं. "इथं काढ. इथूनच खाते ना थे." आत स्वस्तिक काढलं. कुंकू टिकणार नाही म्हणून गिरिजानं वरून नेलपॉलिश फिरवलं. बाटली संपत आली होती, चौथा हात आखूड राहिला. त्यावरून यायनं पोट्टीले दिवसभर चिडवलं, लंगडं स्वस्तिक, लंगडं स्वस्तिक.

जगात कोणाच्या गाडीत नसन असं. म्हणून झाकण.

१९ नोव्हेंबर

नुसतं अमरावती-अकोलाच काहून, असं भाऊ फोनवर म्हणे. त्याले सांगतलं, त्या दिवशी गाडी निम्मीच चार्ज होती, गिरिजानं निघताना पायलं होतं. निम्म्या चार्जिंगमध्ये अकोल्याच्या पुढं जाणं होत नाही. म्हणे, रस्त्यात चार्ज केली असन तं? असन बाप्पा. मंग काय साऱ्या हिंदुस्थानचे झाकणं उघडू?

शोरूमवाले म्हणतात, पोलिसांचं पत्र आणा, मंग गाडी कुठी फिरली ते सांगू. पोलीस म्हणतात, पाठवतो. पाठवतो म्हणता म्हणता दिवाळी गेली.

माणूस लपवता येते. गाडी लपवता येते. पण गाडी विकाले निघाली की फोटो टाकावाच लागते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अकोल्याहून फोन. रहीमभाई, जुन्या गाड्यांचा धंदा. त्यांच्या चार गाड्यांचे झाकणं मी पायले आहेत. आवाज चढवूनच बोलले: "बाई, खरीदते तो कुछ नही, हर गाडी का ढक्कन खुलवाते। मामला क्या है?"

पहिले खोटं सांगतलं, बॅटरी पायची असते म्हणून. म्हणे, ढक्कन में बॅटरी नही दिखती. मग सगळं सांगून टाकलं. यष्टीसारखी बोलत सुटली मी, थांबता येईना. मले वाटलं फोन कटला.

"ताई," म्हणे, "अशी गाडी आली तं अकोल्यात मले समजन. मी नजर ठेवतो." बाईची ताई झाली. फोन ठेवल्यावर लय रडली.

८ डिसेंबर

समोरचे देशमुख भाऊ आले. "वहिनी, तुमाले ह्या गाड्यांचे भाव पाठ आहेत म्हणे. जुनी घेऊ का?" मी बोलत गेली. नवीन मॉडेल स्वस्त झालं, म्हणून जुन्या उतरून राहिल्या. साडेसातची आता साडेसहाले कोणी विचारत नाही. बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का ते पहिले पाहा. अजून दोन महिने थांबा, आणखी पडतीन. ते मान हलवून राहिले. बुढी आतून ऐकून राहिली.

गेल्यावर म्हणे, "तू तं दलाल झाली व." दलालच झाली. नवरा शोधता शोधता दलाल झाली.

२१ डिसेंबर, रविवार

चुलतसासऱ्याकडे लग्न. सगळ्या बायांनी एकच विचारलं, "काही समजलं का?" मान अशी वाकडी करून, आवाज बारीक करून. जाऊबाईनं आडून सांगतलं, तुया नवऱ्याले कोणीतरी मूर्तिजापुरात बाईसंगं पायलं म्हणे. कोणी पायलं? तं म्हणे, लोक बोलतात. म्हटलं, लोकायले विचारून पत्ता आणा, मी जाते भेटाले, साडीचोळीही नेते. तोंड पाडून बसली.

जेवण गेलं नाही. जिलेबी बुढीच्या पानात टाकली.

३ जानेवारी, शनिवार

नवीन काही नाही. त्याच त्या गाड्या, भाव खाली. चांदूर रेल्वेच्या गाडीपुढं अजूनही बकऱ्या.

गिरिजा बारावीले आहे. ती अभ्यासाले बसते अन् मी तिचं पुस्तक पाहते, पान उलटते का नाही. आज बराच वेळ उलटलं नाही. विचारलं तं म्हणे, "आई, गाडी नाही सापडली तं बरं. सापडली अन् आत रक्तबिक्त असलं तं?" तोंडावर हात ठेवला तिच्या. माह्याही मनात तेच येते रोज झाकण उघडताना. तिनं बोलून टाकलं, एवढंच.

१४ जानेवारी, संक्रांत

कोणी बोलावलं नाही.

बुढीनं तिळाचे लाडू केले तरी. संध्याकाळी बाजूची मंगला फाटकापाशी आली. आत नाही आली. हातावर तिळगूळ ठेवला, "गोड बोला" म्हणे. कुंकवाची करंडी तिच्या पदराखाली होती, मले दिसली. लावू की नको, तिले समजेना. तिचा तरी काय दोष? मलेच समजत नाही, सकाळी आरशापुढं टिकली लावताना हात थांबते.

पण राग आला. लय राग आला. कोणी तरी सांगा मले, मी सवाशीण आहे का नाही? सरकार सांगत नाही, देव सांगत नाही. जुन्या गाडीचीही जाहिरात स्वच्छ असते, एक मालक, दोन मालक. माह्या कपाळाचं काय लिहायचं?

१७ जानेवारी, शनिवार

दुपारी रहीमभाईंचा फोटो.

तीन हात सारखे, चौथा आखूड.

तेच. तेच आहे. गिरिजा क्लासले गेली होती. मी मशीनवर बसली होती अन् पाय चालतच राहिला, बिनकापडाची मशीन चालून राहिली.

फोटोत स्वस्तिकावर पिवळंही दिसते काही. फोन केला. म्हणे, "ताई, अकोटचा एक जण परवा उभी करून गेला. चार ऐंशीले देतो म्हणते, जाहिरातही त्यानं आजच टाकली. इतकी कमी काहून, तं कागद मागाहून देतो म्हणे. माझा माथा ठणकला, ढक्कन उघडलं. तुम्ही या. कोणाले देत नाही मी."

१८ जानेवारी, रविवार

सकाळच्या एसटीनं अकोला. एकटीच गेली, पोट्टीले नेलं नाही.

रहीमभाई वाटले त्याहून म्हातारे. पाणी देलं, खुर्ची देली. गाडी मागच्या शेडमध्ये. नंबर आमचाच. जवळ गेली, हँडलवर हात ठेवला. तेच म्हणाले, "अंदर कुछ नही है ताई, मैने देखा. साफ है." मग दार उघडलं. खरंच काही नाही. रक्त नाही, कागद नाही, डब्बा नाही. दुसऱ्याच कोणत्या तरी सेंटचा वास. सीट मागं सरकवलेली नाही, पुढं ओढलेली. हे उंच, हे नेहमी मागं ठेवत. पण अकोटच्या माणसानं ओढली असन. कोण सांगन?

झाकण उघडलं.

नेलपॉलिशवर हळद-कुंकू. वाळलेलं. अक्षतेचा एक दाणाही चिकटलेला. मी त्याच्या आधीच्या दसऱ्याले लावलेलं तं केव्हाच पुसून गेलतं, नेलपॉलिशच राहिलं होतं. हे कोणीतरी मागून लावलं. यंदाच्या दसऱ्याले. रहीमभाईंनी तिथूनच अकोटवाल्याले फोन लावला, गाडी तुझ्याकडं कधी आली? "दिवाळीच्या बाद," म्हणे. कोणाकडून? तं फोन कट. पुन्हा उचललाच नाही.

म्हणजे दसऱ्याले गाडी त्याच्याकडं नव्हती. मग कोणाकडं होती? बोनेटवर लावतात सारे. झाकण उघडून आत लावायचं, हे फक्त आमच्या घरचं.

हळदीत बोटाचा ठसा आहे. मी माझं बोट त्यावर धरलं. माझ्या बोटाहून जरासा मोठा, का सारखाच, का पसरला म्हणून मोठा. यायचं बोट केवढं होतं? आठवेना. गिरिजाच्या जन्माआधीपासून संसार केला, रोज ताट वाढलं, अन् बोट आठवेना मले.

रहीमभाईंले म्हटलं, झाकण धुवू नका. म्हणे, "हात भी नही लगेगा."

१९ जानेवारी, सोमवार

काल घरी आल्यावर सांगतलं. बुढीनं देवापुढं साखर ठेवली. "जित्ता हाये थो. मले माहीतच होतं. दुसरा कोण उघडन झाकण?"

गिरिजा उभीच होती. म्हणे, "आजी, चार्ज करायले झाकण सगळेच उघडतात. आत लाल स्वस्तिक दिसलं, दसरा आला, कोणीही बाई हळद-कुंकू लावन त्यावर. चोराचीही बायको लावन." बुढीनं तिले थोबाडीत मारली. आजवर कधी हात उचलला नव्हता तिनं पोट्टीवर. मग दोघी रडल्या, मी भाकरी थापत राहिली.

गिरिजा खरं बोलली. अन् बुढीही खरं बोलली असन. जित्ते असतीन तं मले सोडून गेले. नसतीन तं सोडून नाही गेले. यातलं कोणतं मागू देवाले? रात्रंदिवस हेच. जित्ते असू दे म्हणते अन् लगेच मनात येते, मग ते हळदीचं बोट कोणाचं? थू माह्या मनावर.

ठाण्यात गेली होती. साहेब बंदोबस्तात. सव्वीस तारखेनंतर या.

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी

हळदी-कुंकवाचा आज शेवटचा दिवस. सकाळी उठून ठरवलं. बुढीले म्हटलं, आज आपल्या घरी हळदी-कुंकू. ती पाहतच राहिली. मग म्हणे, "वाण काय देशीन?" बस, एवढंच.

घरोघरी मीच जाऊन सांगतलं. माह्या घरी हळदी-कुंकू आहे, या. ज्यायले यायचं ते या. जाऊबाईलेही फोन केला. शिवलेल्या ब्लाऊजच्या उरलेल्या खणाच्या पिशव्या केल्या, त्याच वाण.

चार वाजेपर्यंत कोणी नाही. बुढी दारात पाटावर बसून राहिली. पहिली आली मंगला. तिले हळद लावली, कुंकू लावलं. मग तिनं करंडी उचलली, थांबली, माह्याकडं पायलं. मी कपाळ पुढं केलं. लावलं तिनं. तिचे डोळे भरून आले अन् मले म्हणे, "माफ कर व." मग सात-आठ जणी आल्या. जाऊबाई नाही आली.

हात धुताना बोटाची हळद निघेना. घासली नाही.

सात वाजता रहीमभाईंचा फोन. "ताई, तो अकोटवाला उद्या गाडी परत न्यायले येऊन राहिला. मी जास्त विचारलं ना, बिथरला. किती वेळ रोकता येईन सांगता येत नाही. येता?"

येते म्हटलं. उद्या कॉलेजात झेंडावंदन, गिरिजा म्हणे, ते बुडवते, मी येतेच. तिले यावेळी नाही म्हटलं नाही. अकोटवाल्यासमोर बसून एकच विचारायचं आहे, दिवाळीनंतर गाडी कोणी देली तुले. मग तो काय सांगन ते ऐकायचं.

मोबाईल उघडला सवयीनं. पांढरी, इलेक्ट्रिक, अकोला, चार ऐंशी. जाहिरात अजून आहे.

बुढीनं भाकरी बांधून ठेवल्या. जाणार आम्ही दोघी, फडकं उघडून पायलं तं तिघांच्या आहेत. तिसऱ्याच्या मी काढल्या नाहीत.