तंदूर बंद ठेवला तो शनिवार

आई, गेल्या शनिवारी मी तंदूर पेटवला नाही. ऐंशी माणसांचं डोहाळजेवण होतं आणि पानात नान नव्हते. तू असतीस तर चार दिवस माझ्याशी बोलली नसतीस.

इथे अमेरिकेत, बॉथेलच्या ज्या रेस्टॉरंटचं किचन मी सांभाळते, त्याचे मालक आपल्या नागपूरचेच. सगळे त्यांना काका म्हणतात. तंदूरवर एक पन्नाशीचा मेक्सिकन माणूस आहे. नऊ वर्षांत त्याने आजारी म्हणून एकदाही सुट्टी घेतलेली नाही. शनिवारी सकाळी सात वाजता त्याचा फोन आला. म्हणाला, "बॉस, रात्रभर उलट्या झाल्या. पण दहापर्यंत येतो. गोळी घेतलीय." मी म्हटलं, "येऊ नकोस." त्याने हळूच विचारलं, "माझ्या शनिवारच्या पाळ्या जातील का?" मी म्हटलं, "नाही जाणार." ते माझ्या हातात होतं की नाही, हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

काका नऊला आले आणि लाल झाले. "अगं, पोट बिघडलंय, मेला तर नाही ना तो! मास्क लाव म्हणावं आणि उभा कर." मी म्हटलं, "काका, आज एक पोटुशी बाई जेवायला येतेय. तिच्या मैत्रिणींतही दोघी असतील तशा." त्यावर त्यांनी तुझं नाव काढलं, आई. मला कामावर घेतलं तेव्हा मीच मोठ्या फुशारकीने सांगितलं होतं, की माझ्या आईने स्वतःच्या खाणावळीत बावीस वर्षांत एक खाडा केला नाही. "तुझ्या आईने कधी सांगितलं होतं का, आज पोट दुखतंय म्हणून?" असं ते सगळ्या किचनसमोर म्हणाले.

नव्हतं सांगितलंस. म्हणून तर मला काविळीच्या त्या वर्षाबद्दल बोलायचंय. मी सोळा वर्षांची आहे, सकाळची वेळ आहे, तू परातीपुढे बसून कणीक मळते आहेस आणि खिडकीच्या उजेडात तुझे डोळे मला पिवळे दिसतात. मी म्हणते, "आई, कावीळ आहे ही. दोन आठवडे बंद ठेवू." तू वर न बघता म्हणतेस, "बंद ठेवली तर पोरं समोरच्या मेसमध्ये जातील, ती परत यायची नाहीत." मी म्हणते, मी करते पोळ्या. तेव्हा मात्र तू हात थांबवतेस. "तुझ्या हातच्या पोळ्या खायला येतात का ते?" एवढं बोलून पुन्हा मळायला लागतेस.

महिन्याभराने आपल्याकडे जेवणाऱ्या चार पोरांना कावीळ झाली. त्यातला एक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याचे वडील यवतमाळहून त्याला न्यायला आले, त्याची वळकटी त्यांनीच खांद्यावर घेतली. पोराला उभंही राहवत नव्हतं. त्याचं ते वर्ष गेलं. तू दारात उभी राहून म्हणालीस, "यंदा नळाचं पाणीच खराब आलंय हो." त्यांनी मान हलवली, तुझे आभार मानले, कारण तू त्याला मऊ भात करून घालत होतीस. मी तुझ्या मागे उभी होते आणि मला ठाऊक होतं. तुलाही असणार. नातेवाईक आजही म्हणतात, नवरा गेलेली बाई, दोन लेकरं, काय करणार बिचारी. मी ते मानत नाही. तुझ्यापुढे दुसरा मार्ग होता, तो तुझ्या शेजारी हातात लाटणं घेऊन उभा होता. त्या पोळ्या थोड्या जाड झाल्या असत्या. तुला तेवढंच सोसवलं नसतं.

मी काकांना हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "माझी आई चुकली होती." किचनमध्ये कुणाला मराठी कळत नसूनही कळलं असावं. मग मी आणि भांडी घासणारी मावशी, दोघींनी मिळून पुऱ्या लाटल्या. तिने आयुष्यात पहिल्यांदा लाटणं धरलं होतं, तिच्या पुऱ्या अमेरिकेच्या नकाशासारख्या झाल्या, तरी फुगल्या. उत्सवमूर्तीची सासू आत येऊन म्हणाली, "नान मेन्यूत होते ना?" मी म्हटलं, "होते. आमचा माणूस आजारी आहे, त्याला घरी ठेवलंय." ती म्हणाली, "बरं केलंत." सगळेच असं म्हणाले नाहीत. एक पाहुणे तर प्लेट तशीच ठेवून उठले.

सोमवारी मालकांनी पाळ्यांचं शेड्यूल माझ्याकडून काढून आपल्या मुलाकडे दिलं. मी म्हटलं, द्या, पण तंदूरवाल्याचे शनिवार कापलेत तर मीही नोकरी सोडून जाईन. अजून तरी कापलेले नाहीत. सिक लीव्ह इथे कायद्यात आहे, पण आमच्या किचनमध्ये ती मागायला कुणाची जीभ रेटत नाही. म्हणून मी फ्रीजवर कागद लावला: उलटी, जुलाब, ताप, कावीळ असेल तर घरी राहा, फोन मला करा. काकांनी तो काढला. मी दुसरा लावला. तोही गेला. आता तिसरा आहे, आणि चौथा माझ्या पर्समध्ये तयार आहे. लोकांना जेवू घालायचं हे तुझ्याकडूनच शिकले मी, आई, पण अंगात आजार घेऊन चुलीपुढे उभं राहण्याला मी यापुढे निष्ठा म्हणणार नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून एक सांगून टाकते. काल मला ताप होता, एकशे दोन. कामावर गेले नाही. पण काकांनी फोन उचलला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "काका, गाडी स्टार्ट होत नाहीये." गाडीला काहीही झालं नव्हतं.