रंग पक्का होईपर्यंत

रविवार, २ फेब्रुवारी. दुपार.

गाडी आली. कोरी करकरीत, गडद निळी. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पहिली नवी गाडी.

मी ती माझ्यासाठी घेतलेली नाही. हे लिहून ठेवतो, कारण लोक काहीही बोलतात. घेतली अण्णांसाठी. अण्णांनी बत्तीस वर्षं बस चालवली, सगळ्या दुनियेला जिथे जायचं तिथे नेऊन सोडलं, आणि आता गुडघ्यांमुळे त्यांनाच बसची पायरी चढवत नाही. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, इथून चौऱ्याण्णव किलोमीटरवर तिच्या मुलाकडे असते. सहा महिन्यांपूर्वी ती पडली ती उठलीच नाही. भाऊबहीण रोज फोनवर बोलतात. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन नसता तरी चाललं असतं.

मध्ये दोनदा टॅक्सीने जायचं निघालं होतं. मीच थांबवलं. म्हटलं, आपली गाडी येतेच आहे.

ठरलं. येत्या रविवारी सकाळी सातला निघायचं. अण्णांनी लगेच फोन लावला. अक्का, रविवारी येतोय, पोराने गाडी घेतलीय. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.

बॉनेटवर कबुतराने घाण केली. नवीन गाडीवर, तिसऱ्याच दिवशी. मी रुमालाने पुसली आणि मग नेटवर वाचलं की रुमालाने पुसायचीच नसते.

संध्याकाळी कोटिंगवाल्याकडे गेलो. माणूस जाणकार. काळा टी-शर्ट, कपाळाला टॉर्च. त्याने टॉर्च मारली आणि दारावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसले. म्हणाला, सर, हे शोरूममध्येच पडतात, धुताना. मला घाम फुटला. टॉर्च विझवली की दिसत नव्हते, पण एकदा दिसल्यावर काय. सिरॅमिक कोटिंग करायचं ठरवलं. पाच वर्षं वॉरंटी.

घरी सांगितलं. अण्णा म्हणाले, पत्रा गंजू नये म्हणून रंग लावतात ना? मग रंगाला काही होऊ नये म्हणून आणखी एक थर, आणि त्या थराला काही झालं तर? मी म्हटलं, अण्णा, ही टेक्नॉलॉजी आहे. ते म्हणाले, असेल बाबा. आम्ही डेपोत पाइप मारायचो आणि निघायचो.

ही म्हणाली, ज्याचं दुकान कोटिंगचं, त्याच्या टॉर्चला ओरखडेच दिसणार. हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी.

गाडी कोटिंगला दिली. बुधवारी मिळेल. त्यामुळे उद्याचं जाणं पुढच्या रविवारवर. आत्या सहा महिने झोपून आहे, आठवड्याने काय फरक पडतो. उलट गाडी चमकत नेता येईल, तिलाही बरं वाटेल.

अण्णांनी फोन करून सांगितलं. अक्का, पुढच्या रविवारी. रंगाचं काम निघालंय. आत्याने विचारलं असावं की नव्या गाडीला रंग कशाला, कारण अण्णा दोनदा म्हणाले, ते मला नाही समजत, त्याला समजतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी.

एक दिवस उशिरा का होईना, गाडी मिळाली. बघत राहावं अशी. दाराशी वाकलो तर रंगात माझा भांग दिसला, आणि भांगात किती कमी केस राहिलेत तेही दिसलं.

एक अडचण. कोटिंगवाला म्हणाला, सात दिवस पाणी लागू द्यायचं नाही, धूळही नको, थर पक्का होतोय. म्हणजे हा रविवार गेला. माझा इलाज नाही. नियम तो नियम.

अण्णांना समजावलं. नवीन स्लॅब टाकल्यावर काही दिवस जाऊ देतो, तसं. ते म्हणाले, स्लॅबवर तर पाणी मारतात. मी विषय बदलला.

रविवार, १६ फेब्रुवारी. सकाळी अकरा.

अण्णांना गाडीत बसवलं. पार्किंगमध्येच, दार उघडं ठेवून. चपला बाहेर काढायला सांगितल्या, बेल्टचं बक्कल दाराला लागू नये म्हणून मांडीवर धरायला दिलं. स्टीअरिंग धरून तासभर बसले. खूश होते. म्हणाले, अक्काला पहिल्यांदा बसमधून फिरवलं तेव्हा ती माझ्या मागच्या सीटवर बसून सगळ्यांना सांगत होती, हा माझा भाऊ आहे. मी म्हटलं, हो का, आणि काचेवरचा त्यांच्या बोटांचा डाग पुसून घेतला. लगेच पुसला की बसत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी.

आज निघालो होतो. हे कुणीही नाकारू शकत नाही. पावणेसातला गाडी गेटबाहेर होती. हिने डबा घेतला, अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आत्यासाठी मऊ शाल घेतली. सगळ्यात आधी तेच खाली येऊन उभे होते.

पेट्रोल भरताना पंपवाला सहज म्हणाला, त्या बाजूला रस्ता उखडलाय, बारा किलोमीटर खडी आहे. मी कोटिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, सर, खडीला कोटिंग काही करत नाही, त्याला वरून वेगळी पारदर्शक फिल्म चिकटवावी लागते. हे आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं, तर म्हणाला, तुम्ही विचारलं नाहीत.

गाडी वळवली. शहाणा माणूस वळवणारच.

ही म्हणाली, इथूनच टॅक्सी करू. मला राग आला. स्वतःची गाडी असताना भाड्याच्या गाडीने जायचं? लोक काय म्हणतील? ही म्हणाली, कुठले लोक? मला पटकन कुणी आठवलं नाही.

घरी आल्यावर अण्णांनी शर्ट काढून पुन्हा हँगरला लावला. घडी मोडलेली नाही म्हणाले.

बुधवार, २६ फेब्रुवारी.

फिल्मसाठी पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली. तोपर्यंत गाडी कव्हरखाली. मधला रविवार त्यात गेला, ते ओघानेच आलं.

मी काम करतो त्या चष्म्याच्या दुकानात एक म्हाताऱ्या बाई आल्या. दूरचा नंबर वाढलेला. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, काचांना कोटिंग घ्या, ओरखडे पडणार नाहीत. हे मी दिवसातून वीस वेळा म्हणतो. बाईंनी विचारलं, त्याने मला जास्त दिसेल का? म्हटलं, नाही, पण काच वर्षानुवर्षं नव्यासारखी राहील. त्या हसल्या. म्हणाल्या, मग राहू द्या, मी नाही तेवढी टिकणार, मला आत्ता नीट दिसू द्या.

गंमत म्हणून घरी सांगितलं. कुणी हसलं नाही. ही भांडी आवरायला लागली.

शुक्रवार, ७ मार्च.

गाडी कालपासून फिल्मला. उद्या संध्याकाळी नक्की.

दुपारी आतेभावाचा फोन. आत्या दोन दिवस जेवत नाहीये. डॉक्टर घरी येऊन गेले. तो म्हणाला, मामांना घेऊन ये, ती सारखी विचारते. मी म्हटलं, रविवारी येतोच आहोत. तो म्हणाला, कुठल्या? त्याचा स्वभाव लहानपणापासून असाच टोचरा आहे. पण आजारपण आहे घरात, मी मनावर घेतलं नाही.

अण्णांना एवढंच सांगितलं की तब्येत जरा नरम आहे. उगीच घाबरवायचं कशाला.

रविवार, ९ मार्च. सकाळी साडेनऊ.

गाडी मिळाली नाही. पुढच्या बंपरवर फिल्मखाली बुडबुडे आले, म्हणून काढून पुन्हा लावतायत. काल संध्याकाळी दोन तास तिथे उभा होतो. तशीच द्या म्हणायला हवं होतं का? पण अर्धवट फिल्म लावलेली गाडी रस्त्यावर कशी काढायची? आज सकाळी पुन्हा जाऊन आलो, दुकान बंद, फोन उचलत नाहीत. काल म्हणाले होते, सोमवारी दुपारी मिळेल.

हिने सकाळी मला न विचारता टॅक्सी बोलावली. सात वाजता टॅक्सी खाली येऊन उभी. अण्णा गेले नाहीत. हिनेच सांगितलं, रडत होती. अण्णा तिला म्हणाले, सूनबाई, त्याने एवढ्या हौसेने गाडी घेतलीय माझ्यासाठी. मी असा निघून गेलो तर त्याला वाईट वाटेल. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

म्हणजे अण्णांनाही आपल्या गाडीनेच जायचंय. मी हेच सांगत होतो.

उद्या रजा टाकली आहे. गाडी हातात आली की तिथूनच परस्पर निघायचं. पक्कं.

सोमवार, १० मार्च.

सकाळी सहाला फोन आला. आत्या गेली.

टॅक्सीने गेलो. अण्णा पुढे बसले, टॅक्सीवाल्याच्या शेजारी. वाटभर त्याला वळणं सांगत होते, इथे हळू, पुढे पूल आहे. त्यालाही रस्ता माहीत होता, पण तो हो काका, हो काका म्हणत राहिला. खडी होती. बारा नाही, दोनेक किलोमीटर. टॅक्सी न थांबता गेली.

बुधवार, १२ मार्च.

परवाचं नीट लिहायचं राहिलं.

आत्याची खाट त्यांनी आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणली होती, खिडकीशी. आतेभाऊ म्हणाला, महिना झाला, तिनेच आणायला लावली. तिथून रस्ता दिसतो. रविवारी ती सकाळीच वेणी घालून घ्यायची. सुनेला सांगायची, चहाचं आधण आत्ताच ठेवू नकोस, त्यांना पोचायला नऊ होतील. हे तो रागाने बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण तो नुसतं सांगत होता, पाहुण्यांना सांगतात तसं.

अण्णांनी शाल नेली होती. ती तिच्या पायांवर घातली. मग खिडकीपाशी उभे राहिले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, इथून लांबवर दिसतं की.

परत येताना मी म्हटलं, अण्णा, त्या फिल्मवाल्याने उशीर केला. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हो रे, म्हणाले. तू तरी काय करणार.

मी त्या वाक्याचा अर्थ चांगला घेतला होता. आज दुकानात काचा पुसताना पुन्हा आठवलं आणि तसा घेता येईना.

शनिवार, १५ मार्च.

गाडी आणली. काम उत्तम झालंय. कोटिंगवाल्याने टॉर्च मारून दाखवली, कुठेही काही नाही. म्हणाला, सर, आता बिनधास्त कुठेही न्या.

तो विचारत होता, खूश ना? मी हो म्हटलं. त्याची काय चूक.

रविवार, ३० मार्च. संध्याकाळी सहा.

दोन आठवडे गाडीला हात लावला नाही. आज सकाळी हीच म्हणाली, अण्णा दिवसभर गप्प असतात, फोनशेजारी बसतात, त्यांना जरा बाहेर न्या. म्हटलं, चला अण्णा. ते चपला काढायला वाकले. मी म्हटलं, असू द्या, घालूनच बसा. तरी त्यांनी काढल्याच.

गेटबाहेर आल्यावर विचारलं, कुठे जायचं? लांब जाऊ, कुठेही, दिवस आपलाच आहे. त्यांनी खूप वेळ विचार केला. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, त्यांना सगळे रस्ते पाठ आहेत. मग म्हणाले, मला आता कुठे जायचंय असं काही नाही रे. तुला कुठे जायचं असेल तिथे ने.

मलाही काही सुचेना. सरळ गेलो, पुढच्या चौकातून वळलो, नदीकडचा रस्ता धरला, तो जिथे संपतो तिथे थोडं थांबलो. अण्णा म्हणाले, छान चालवतोस. मी काचेतून पुढे बघत राहिलो.

तिथूनच घरी आलो. सगळे मिळून अकरा किलोमीटर झाले.