दादाकडे जायचं राहिलं

अप्पा, परवाच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण झाला. उमरग्यात एका खोलीत राहणाऱ्या बाईच्या शेतात काय पिकणार? बाजारातून एक भोपळा विकत घेतला आणि वेदीपुढं नेऊन ठेवला. पाळकसाहेबांनी कौतुक केलं, आणि मला उगीच तुमचं ज्वारीचं पोतं आठवलं.

मी आठेक वर्षांची असेन. अर्पणाची प्रार्थना सुरू होणार तेवढ्यात तुम्ही उठून म्हणालात, "साहेब, माझं पोतं एवढ्यात देवाला देऊ नका. माझं भावाशी वाकडं हाय." विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तुमचा नि काकांचा अबोला होता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण म्हणून भर उपासनेतून कुणी उठून जातं का? तुम्ही गेलात. मला पोत्यापाशी बसवून, तीन कोस चालत. बाकीच्यांनी अर्पण केलेल्या धान्याचा, कोंबड्यांचा चर्चसाठी लिलाव झाला, माणसं जेवून घरोघर गेली. मी तिथंच. तुमचा असा राग आला होता म्हणून सांगू! दिवस कलल्यावर तुम्ही आलात, पाय धुळीनं भरलेले. मी विचारलं, "काका बोलले का?"

"न्हाय. पाणी दिलं प्यायला."

"मग कशाला गेला होता?"

"त्यानं बोलावं, हे माझ्या हातात न्हाय. आधी भावाशी समेट कर, मग अर्पण दे, असं येशूनं सांगितलंय, म्हणून म्या गेलो." एवढं बोलून तुम्ही पोतं उचलून वेदीपाशी नेलंत.

तुमच्या मातीला दादा माझ्यासाठी थांबला नाही, असं मी नऊ वर्षं सगळ्यांना सांगत आले. कबरीपाशी चारचौघांत त्याला नाही नाही ते बोलले. नाताळला त्याचा फोन येतो, मी उचलत नाही. हे गेले, मूलबाळ नाही, दवाखान्यातली नोकरीही संपली. करंज्या करते, दोन खाते, बाकीच्या शेजारी वाटते. फार एकटं वाटतं, अप्पा. तरी दर रविवारी पुढच्या बाकावर बसून मोठ्या आवाजात गाते, सगळ्यांना वाटतं काय श्रद्धा आहे बाईची!

परवा भोपळा तसाच ठेवून मीही उठले. स्टँडवर आपल्या गावची गाडी लागलेली होती. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, यायचं न्हाय का?" मी खांबाला धरून उभी. गाडी गेली. परत येऊन बसले तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. पाळकसाहेबांना वाटलं, मला चक्कर आली.

राग आडवा आला असता तर गिळला असता. पण तुमच्या मातीच्या दिवशी दादानं पहाटेच फोन केला होता, "लवकर निघ, तू आल्याबिगर अप्पाला उचलत न्हाय." तुम्हाला तसं निजलेलं बघायचा धीर होईना, म्हणून मी दोन गाड्या सोडल्या आणि एसटी बंद पडली असं सांगितलं. दादा दिवस मावळेपर्यंत थांबला होता, अप्पा. हे त्याला सांगायला हवं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.