खिडकीतली म्हातारी

४ डिसेंबर

चि. ठमीस, मामाचे गालगुच्चा घेऊन आशीर्वाद. वि. वि.

आज पहाटे तुझ्या मामीच्या कात्रीचा आवाज आला. कर्र, कर्र, मग जरा थांबून कच्च. लहानपणी तू त्या तालावर शाळेतल्या कविता म्हणायचीस आणि तिसऱ्या कडव्याला हमखास अडखळायचीस. मामी जाऊन वर्षं लोटली. शेजारची बिजागरी कुरकुरली असेल. पण म्हाताऱ्याने कवितेच्या बाजूनेच कौल द्यावा.

तू केलेली चिंध्यांची म्हातारी बाहुली पोचली. ओठ दुमडलेले, एक भुवई वर, जणू काही बोलणार होती आणि गिळून बसली. एकट्याने किती बघायची, म्हणून चौकातल्या लोकरवाल्या बाईंच्या दुकानात काचेमागे बसवून आलो. येणारेजाणारे थबकतात. आता तरी स्वतःला बिनकामाची म्हणू नकोस.

लोभ आहे, तो उसवू देऊ नकोस.
तुझा मामा

९ डिसेंबर

ती. मामास, ठमीचा वाकून, पण रागावून नमस्कार. वि. वि.

पत्र वाचलं तशी लिहायला बसले. तो माझ्या सासूबाईंचा चेहरा आहे रे. मुद्दाम नाही केला. मामी बजावायची, बाहुलीचे डोळे भरताना कुणाला आठवू नये. तेवढंच माझ्याकडून पाळलं गेलं नाही. आणि ज्याच्या हाताला भिऊन मी इथे लपले, तो माझा नवरा रोज त्याच चौकातून घरी जातो. हे ठाऊक असून तू कवितेत हरवलास. आधी ती उचलून आण, चहा मागाहून पी.

इथे माझं बरं चाललंय. खालच्या पिशव्यांच्या कारखान्यातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे बाहुल्या शिकतात. परवा एकीला सगळे टाके उसवायला लावले, तरी माझा आवाज कापला नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की सुई अजून बोटात घुसते, ते सोड. पण हे माझ्या हातून जायला नको.

रागासकट तुझीच,
ठमी

१३ डिसेंबर

चि. ठमीस, आशीर्वाद द्यायलाही आज तोंड नाही.

काच रिकामी आहे. बाई सांगत होत्या, की एक वयस्क बाई आल्या, बाहुलीकडे आणि काचेतल्या स्वतःकडे आळीपाळीने बघत राहिल्या, आणि ती विकत घेऊन गेल्या. कुणी केली म्हणून विचारलं, तेव्हा या भाबडीने बाहुली ज्यातून आली ते तुझं खोकंच त्यांच्या हातात ठेवलं. ते खोकं दुकानात विसरलो मी. त्यावर तुझा पत्ता आहे. आता ते त्या घरात असेल, आणि तो घरी असेल.

पोरी, खोली सोड. आजच. कुठे जातेस ते मलासुद्धा कळवू नकोस. माझ्या पोटात काही राहत नाही.

वेंधळा मामा

१७ डिसेंबर

ती. मामास, ठमीचा नमस्कार. रडत बसू नकोस.

तुझं पत्र आलं तशी पिशवी भरली, आणि पुन्हा रिकामी केली. किती गावं बदलू? कारखान्यातल्या बायकांना सगळं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदाच. तेव्हापासून त्यांच्यातली सगळ्यात आडदांड बाई जड इस्त्री मांडीवर घेऊन जिन्याशी बसते. म्हणते, येऊ दे त्याला, एक चुणी राहणार नाही.

आज दुपारी जिन्यावर पावलं वाजली. खालून कुणी ओरडलं नाही, म्हणून जास्तच घाबरले. पण कडी मीच काढली.

दारात सासूबाई. मागे कुणी नाही. त्याचा हात माझ्यावर उठला की स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घ्यायच्या, त्याच. गालावर वळ होता. त्याच्या बोटांचा वळ मी कुठेही ओळखेन. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, की पत्ता पाठ केला आणि खोकं चुलीत घातलं, घरात कुणाला पत्ता नाही. आणि इथे आणखी एक अंथरूण मावेल का.

मी दारातून बाजूला सरकले.

तुझी,
ठमी