बर्फावर चालणाऱ्या इंजिनाची निरवानिरव

नवघर, भाईंदर (पूर्व)
मंगळवार, ९ मे १९९५

दिवाळीपासून या डायरीत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी. कारणं शोधली तर सापडतील, पण खरं एवढंच की पोट दुखत होतं आणि पोटदुखीवर लिहिण्यासारखं काही सुचत नव्हतं. आता गुरुवारी पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. "किरकोळ आहे," असं डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना माझ्याकडे न बघता फाइलकडे बघत होते. म्हणून वकिलांना भेटून आलो. ते म्हणाले, स्वतःच्या अक्षरात लिहा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. घरात चांगला कागद हाच आहे, तेव्हा इथेच लिहितो.

मी, समाधान केरबा कासारे, वय सेहेचाळीस, विज्ञानाचा पदवीधर, विमा कार्यालयात नोकरी, हे मृत्युपत्र आपखुशीनं करत आहे. मला कोणी धमकावलेलं नाही की भुलवलेलं नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. या शेवटच्या वाक्याला पत्नी पंचशीला हिची हरकत आहे, ती इथे नोंदवली.

कलम १. राहती जागा, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची खोली, स्वयंपाकघर आणि गॅलरी, पत्नीला. मुंबई सोडून इथे आलो तेव्हा तिनं गॅलरीत मोगरा लावायचं ठरवलं होतं. मोगऱ्याच्या जागी माझी यंत्रं आली. कपड्यांची दोरी आहे, पण तिच्यावर कपडे कमी आणि रबरी नळ्या जास्त वाळतात. गॅलरीवरचा माझा ताबा मी या कलमानं सोडत आहे. "जिवंतपणी सोडला असतात तर पुण्य लागलं असतं," असं ती खांद्यावरून वाचून म्हणाली.

कलम २. फंड, विमा आणि बँकेत जे असेल ते पत्नी आणि मुलगी स्नेहल यांना निम्मं-निम्मं. लोकांना मरणाची आठवण करून देण्यात माझी नोकरी गेली. स्वतःच्या मरणाची मात्र या आठवड्यातच झाली.

कलम ३. कानशी, पाने, हातड्रिल आणि वडिलांनी गिरणी सुटताना घरी आणलेला लोखंडी व्हाइस स्नेहलला. ती हत्यारं तेल लावून ठेवते, हे मी पाहिलं आहे. अट एकच: मामाला पाना उसना द्यायचा नाही.

कलम ४. मामा म्हणजे पंचशीलाचे बंधू बबन. स्नेहलच्या वाढदिवसाला भर पाहुण्यांत त्यांनी माझ्या इंजिनाची ओळख करून दिली होती: "याला पेट्रोल लागत नाही, डिझेल लागत नाही. हे आमच्या ताईच्या सहनशक्तीवर चालतं." सगळे हसले. ताईही हसली. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं. माझा राग त्याचाच आहे. बबनरावांना मी पेडलवर चालणारं कपडे धुण्याचं यंत्र ठेवत आहे. त्यात त्यांच्या सफारीची एक बाही अडकली आहे. ती मूळचीच त्यांची असल्यानं मृत्युपत्रात धरलेली नाही.

कलम ५. इंजिन. खरं तर सगळं लिहायला बसलो ते या कलमासाठी.

दोन ॲल्युमिनियमच्या पराती एकमेकींवर पालथ्या-सुलट्या बसवल्या आहेत. मध्ये कोंडलेली हवा आणि थर्माकोलची सैल चकती. वरच्या परातीवर बर्फ ठेवायचा. खालची परात मे महिन्याच्या उन्हानं आपोआप तापते. हवा वर जाऊन आकसते, खाली येऊन फुगते, आणि त्या आकसण्या-फुगण्यावर लहान मुलाच्या सायकलचं चाक फिरतं. धूर नाही, वाफ नाही, आवाज म्हणाल तर म्हातारी जपमाळ ओढते तेवढा. कॉलेजात एका तासाला सरांनी फळ्यावर अशा इंजिनाची आकृती काढली आणि "परीक्षेला येत नाही" म्हणून लगेच पुसली. तेव्हापासून ती माझ्या डोळ्यांसमोरून गेली नाही. गरम आणि गार एवढ्या फरकावर चाक फिरतं, हे मला अजूनही पुरतं पटलेलं नाही. म्हणून मी ते पुन्हा पुन्हा फिरवून बघतो.

या इंजिनानं आजवर कुठलंही काम केलेलं नाही. पाणी चढवलं नाही, दळण दळलं नाही. मी प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं, हे कुतूहल आहे की नुसता हट्ट? उत्तर आलं नाही. बर्फ मात्र आला. तो समुद्राकाठच्या पालीहून मासळी घेऊन येणाऱ्या फिलोमिनाबाई टोपलीतला काढून देतात आणि दर वेळी सांगतात, "दादा, बरफ मासली टिकवाला हाय, चाक फिरवाला न्हाय." त्यामुळे माझ्या इंजिनाला बोंबलांचा वास येतो. जगात दुसऱ्या कुठल्या इंजिनाला येत असेल असं वाटत नाही.

हे इंजिन कोणाला द्यावं? माझ्यामागे ते भंगारात जाणार, एवढंच मला या ऑपरेशनचं भय आहे. स्नेहल म्हणाली, "बाबा, पाने दिलेत तेवढे बास." म्हणून पुढची जागा कोरी ठेवली होती: हे इंजिन मी ............ यांना देत आहे.

घोळ केला तो वकिलांच्या सल्ल्यानं. ते म्हणाले होते, ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करू नका, नंतर भांडणं होतात. मी हे घरी येऊन सांगितलं. पंचशीलानं लगेच हात पुढे केला. "आणा पेन. मी साक्षीदार."

"अगं, मग घरही मिळणार नाही."

ती गॅलरीत डोकावून आली. "विचार करायला लावलंत," म्हणाली.

खालच्या मजल्यावरचे उत्तम भोईर सोसायटीचे सचिव आहेत. त्यांच्याकडे गेलो, तर बातमी माझ्याआधी पोचली होती. "साक्षीदाराला काय मिलत न्हाय ना, कासारे? नक्की ना? मंग आन." समोर माझी सही करून घेतली आणि मजकूर न वाचता खाली आपली ठोकली. वर चहाही पाजला. सुटलेला माणूस किती प्रेमळ होतो!

दुसऱ्या सहीसाठी शेजारच्या हंसाबेन शहांकडे जायला पाय उचलत नव्हता. कांदासुद्धा न खाणारं घर, आणि मधल्या जाळीतून माझ्या बर्फाचा वास थेट त्यांच्या हिंचक्यावर. गेल्या वर्षी त्यांनी सोसायटीत लेखी तक्रार केली होती. पण इंजिन गळ्यात पडू नये म्हणून तरी सही करतील, असं वाटलं. दुपारी गेलो. लाइट गेलेली होती. त्या हिंचक्यावर पुठ्ठ्यानं वारा घेत बसल्या होत्या. सगळं समजावून सांगितलं.

"साइन करेगी तो वो मशीन मेरे को नहीं मिलेगा?"

"नाही मिळणार, हंसाबेन. बिलकुल काळजी करू नका."

"तो साइन नहीं करेगी."

मला वाटलं, तक्रारीचा राग अजून आहे. तसं म्हणालो. त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला.

"समाधानभाई, दोपहर को लाइट जाती है तो पंखा बंद, टीवी बंद, मिक्सर बंद. शहासाब दुकान पे. घर में मैं और ये बंद पडेला सामान. बस तुमारा चक्कर फिरता रहता है. मैं यहाँ बैठ के वो ही देखती हूँ."

"मग तक्रार?"

"वो मच्छी की बास की थी. चक्कर की कहाँ की थी? मेरे फ्रिज का बरफ डालेंगे, चोख्खा." मग गुजरातीत पुटपुटल्यासारखं, "पण तमे जल्दी पाछा आवजो." मी लवकर परत यावं, एवढं समजण्याइतकं गुजराती मला येतं.

मी घरी येऊन कोऱ्या जागेत नाव लिहिलं: श्रीमती हंसाबेन शहा. अक्षर नेहमीपेक्षा जरा वाकडं आलं आहे. त्याचा अर्थ दडपण असा कोणी लावू नये. पंचशीलानं वाचलं आणि विचारलं, "म्हणजे अजून एक साक्षीदार शोधायचा?" शोधावा लागेल. इमारतीत उमेदवार पुष्कळ आहेत.

लिहून देणार: समाधान केरबा कासारे (सही)
साक्षीदार पहिले: उत्तम भोईर (सही)
साक्षीदार दुसरे:
मुक्काम नवघर, तारीख वर दिल्याप्रमाणे.

उद्या: हंसाबेनना इंजिन सुरू करायला शिकवणे.